न वाजवलेली घंटा

ट्रेथवेनच्या निवासी शाळेत घंटा झाली की हातातला घास टाकून उठायचं, हा नियम अडीचशे वर्षांचा. शाळा काढली कॅट्रिन नावाच्या एका खलाशाच्या विधवेनं, आणि घंटाही तिनंच टांगली. मुली बागेत असोत, टेकडीवर असोत नाहीतर न्हाणीघरात, घंटा ऐकली की परत फिरायचं. का म्हणून विचारायचं नाही.

मेट्रन मेन्ना प्रॉसरला या नियमाचा भारी अभिमान. तीस वर्षं पोरींचे ताप, उवा आणि रडारड निस्तरल्यावर तिचं पक्कं मत झालं होतं की शिस्त सुटली की मुलींची वारा प्यालेली वासरं होतात.

मे महिन्यातला कॅट्रिनचा दिवस होता. त्या दिवशी ओहोटीला बूट गळ्यात अडकवून सगळी शाळा खाडीच्या वाळूतून पलीकडच्या लानविन गावी चालत जाई, तिच्या थडग्यावर फुलं ठेवी आणि बसनं परते. शेहेचाळीस मुली, मुख्याध्यापिका रीसबाई आणि भूगोलाचे प्यूसर साडेअकराला निघाले होते. गालगुंड झालेल्या दोघींपाशी मेन्ना मागे राहिली.

बारा वाजून गेल्यावर स्वयंपाकीण ओलवेन हात पुसत आली. "मेन्ना, परवा ओहोटी किती वाजता गं? शिंपल्या वेचायला जाईन म्हणते."

मेन्नानं भिंतीवरची भरती-ओहोटीची पुस्तिका काढली. पान उलटताना तळाची बारीक ओळ दिसली: उन्हाळी वेळेचा तास यात धरलेला आहे.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. बंदर कचेरीच्या पुस्तिकेत तो तास कधीच धरलेला नसे. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केली की प्यूसर तो स्वतः मिळवत. यंदा तिथली पुस्तिका संपली, म्हणून मेन्नानं बाजारातून ही दुसरी आणली होती. बिचाऱ्या सरांनी सवयीनं पुन्हा एक तास मिळवला! म्हणजे ओहोटी बाराची नव्हतीच, अकराची होती. पाणी केव्हाच उलटलं होतं आणि पोरी वाळूत होत्या.

"देवा रे! ही माझी करणी," म्हणत ती जिन्यानं धावत खाली ओसरीत आली. मागून ओलवेन. समोर खाडी उघडी पडलेली, आणि लांबवर ठिपक्यांची एक रांग.

ओलवेननं घंटेचा दोर धरला. "बोलावते त्यांना! अजून ऐकू जाईल!"

"थांब!"

"थांबू काय? बुडतील त्या!"

मेन्नानं तिच्या हातावर फटका मारला. नदीचा खोल पाट शाळेच्याच बाजूला होता. भरती आधी तिथेच शिरते, पलीकडची वाळू उंच. पोरी पाट ओलांडून कुठच्या कुठे गेल्या होत्या. आता घंटा झाली तर एकही पुढे जाणार नव्हती. तोंडं फिरवून सगळ्या धावत त्या भरत्या पाटात उतरल्या असत्या.

"पुढे जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. आपलं चुकलं तर शेहेचाळीस आयांना काय तोंड दाखवायचं? पाटात आता पाणी चकाकत होतं. ओलवेन ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडत होती. ठिपके बारीक होत होत धुक्यात दिसेनासे झाले.

तिनं ऑफिसात जाऊन लानविनच्या पोस्टात फोन लावला. तिथली नेस्टा म्हणजे सगळ्या खाडीची बातमीदारीण.

"नेस्टा, खिडकीतून बघ. आमच्या मुली दिसतात का?"

"दिसतात ना. चिखलानं माखल्यात नुसत्या! तुमचे सर तर गुडघाभर भिजलेत."

"किनाऱ्याला लागल्या?"

"लागतायत की एकेक."

"मोज!"

"आता? माझ्याकडे गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात! मोज म्हणते ना!"

नेस्टा मोजू लागली. एकतीसवर अडकली, लाल टोपीवाली दोनदा मोजली म्हणून पुन्हा पहिल्यापासून लागली. मेन्नानं तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते शाळेत सांगण्यासारखं नाही.

"...पंचेचाळीस, शेहेचाळीस. आणि तुमचे दोघं. झालं समाधान?"

मेन्ना खुर्चीत बसली. "झालं बाई, झालं. तुझ्या तोंडात साखर पडो," एवढंच तिला बोलता आलं. मग ती आणि ओलवेन गळ्यात पडून रडल्या. रडता रडता हसायला लागल्या, आणि हसता हसता काऊल रश्श्याचं पातेलं चुलीवर करपलं.

चारला बस आली. पोरी भुकेनं कलकलत आत घुसल्या. प्यूसरांचा चेहरा पांढराफटक. मेन्नानं दारातच सगळं सांगून टाकलं. "पुस्तिका मी आणली. सरांना बोल लावू नका. मला काढायचं असेल तर काढा."

रीसबाई ओल्या मोज्यांनिशी पायरीवर बसल्या. त्याही याच शाळेत वाढलेल्या.

"मागे पाणी चढताना बघितलं आम्ही," त्या म्हणाल्या. "मी सारखी कान देऊन होते, घंटा का होत नाही म्हणून. झाली असती ना मेन्ना, तर सगळ्यांत पुढे मीच पळत आले असते."

रीसबाईंनी मेन्नाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आतून ओलवेन ओरडली, "करपलेलं चालेल का गं पोरींनो?"

शेहेचाळीस जणी एका आवाजात "हो!" म्हणाल्या. मेन्नानं तो आवाज डोळे मिटून ऐकला आणि उठून वाढायला गेली.