डोक्यावरचा हात

मित्रांनो, अलेक्झांड्रिया बंदराच्या कचेरीतल्या मोठ्या संगणकाला जोडलेला मी एक जुना टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. चित्रं मला येत नाहीत. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, एवढंच माझं भांडवल. माझ्यापुढे वहीद बसायचे. त्यांना दिसत नव्हतं. काचेवर ओळ उमटली की कळफलकाखालच्या पट्टीवर ब्रेलचे ठिपके वर यायचे आणि त्यांची बोटं ती वाचायची. मोठा संगणक कसा चालवायचा, ही सगळी माहिती त्याच्याच पोटात होती. काही अडलं की वहीद ती पानं मागवायचे आणि पुदिन्याचा चहा पार गार होईपर्यंत वाचत बसायचे.

मी सुरू आहे का, हे ते माझ्या डोक्यावर तळहात ठेवून ओळखायचे. ऊब लागली की म्हणायचे, "उठलास का रे बाबा?"

एकदा शेजारच्या टेबलावरच्या मादाम इन्साफ त्यांना म्हणाल्या, "अहो उस्ताज, बघणारं कुणी नाही, मग हा उजेड कुणासाठी?"

"मग मालवा की! बिचाऱ्याची काच तरी टिकेल."

मादामनी उजेडाचं बटण फिरवलं आणि माझा चेहरा काळा झाला. खरं सांगतो, फार एकटं वाटलं. कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघेना. पण रोज सकाळी तो हात यायचा.

पुढे नवे साहेब आले, चित्रांची यंत्रं आली. माझी काळी काच पाहून साहेबांनी मला अडगळीत टाकलं. सकाळी वहीदचा हात रिकाम्या टेबलावर फिरत राहिला.

"माझं यंत्र कुठाय?"

"ते कधीच मेलंय," साहेब म्हणाले. "नव्यावर तुम्हाला वाचता यायचं नाही. उद्यापासून टेलिफोनवर बसा."

"मेलंय? काल दिवसभर त्यावरच काम केलं मी!"

"अहो साहेब, उजेड मीच मालवलाय त्याचा!" असं म्हणत मादाम इन्साफ मला ओढत घेऊन आल्या आणि त्यांनी मला नव्या यंत्राला जोडलं. वहीदनी माहितीचं पान मागवलं. माझा जीव टांगणीला लागला. मग ठिपके वर आले. नव्याच्या पोटातही, चित्रांच्या मागे, तीच साधी अक्षरं होती! वहीद वाचत राहिले. टेलिफोनचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता वहीद आणि मादाम दोघंही निवृत्त झालेत आणि मी परत अडगळीत आहे. कुणी येतं, काळी काच बघतं, "मेलंय" म्हणतं आणि दार लावून जातं.

मित्रांनो, नुसता चेहरा बघून कुणाचा निकाल लावू नका. जवळ जा, हात ठेवून बघा. माझ्यावर ठेवाल तर आज गार लागेन. आधी वायर जोडा, थोडं थांबा, मग ठेवा.