दिग्रसहून आणलेली लाल कूपे

साधना वणीजवळच्या कोळशाच्या उघड्या खाणीत डंपर चालवायची. शंभर टनी डंपर. केबिनमध्ये जायला लोखंडी शिडी चढावी लागायची आणि वर बसलं की जवळची जमीन दिसायचीच नाही. खाली मशीनने माती भरून दिली की चढ चढायचा, ढिगाऱ्यावर माती ओतायची, रिकामा डंपर घेऊन पुन्हा खाली. पाळीभर हेच. वेग एवढा कमी, की कडेने चालणारा माणूस बराच वेळ सोबत राहायचा. पाळी संपवून ती शिडी उतरायची तेव्हा कमरेपासून मानेपर्यंत सगळं अंग थरथरत असायचं, आणि घरी येऊन जेवायला बसली तरी ताट हलतंय असं वाटायचं.

नवरा काविळीने गेला, त्याच्या जागी तिला नोकरी लागली. आधी ऑफिसात होती. डंपरवर बायका घेणार असं कळलं तेव्हा तिने आपणहून नाव दिलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मुलगी वैष्णवी नागपूरला नर्सिंग शिकत होती. घरात साधना आणि तिची सासू शकुबाई, दोघीच.

गाडीचं वेड तिला कधी लागलं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. दुपारच्या पाळीला जाताना एकदा चंद्रपूरच्या रस्त्यावर ती बसची वाट पाहत उभी होती. एक बुटकी, रस्त्याला चिकटलेली गाडी सुंकन गेली. आत एकच माणूस, जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखा. साधनाला वाटलं, असं बसता आलं पाहिजे. एवढं खाली. त्यानंतर ती जेवण झालं की मोबाईलवर अशाच गाड्या बघत पडायची आणि बघता बघता झोपून जायची.

तिचा धाकटा भाऊ रोशन वणीतच गाड्यांचं वायरिंग आणि एसीचं काम करायचा. त्याला ती म्हणाली, "मले अशी एक गाडी पाह्यजे. जुनी चालन."

रोशन हसला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, आपल्या रोडवर हे गाडी म्हणजे पोटाले घासन."

"घासू दे. पाह्यून तर ठेव."

पाहता पाहता वर्ष गेलं. मग एका ओळखीच्या एजंटाकडून त्याला कळलं की दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगवाल्याकडे लाल रंगाची जर्मन कूपे, म्हणजे दोन दारांची बुटकी गाडी, उभी आहे. पोराने घेतली होती, पोरगा परदेशात गेला, आता बापाला ती विकायची आहे. सुट्टी बघून दोघं बहीण-भाऊ एसटीने निघाले. रोशनने मांडीवर एक नवी बॅटरी धरली होती. साधना यवतमाळपर्यंत खिडकीला डोकं टेकून झोपली, बस बदलली, पुन्हा झोपली.

जिनिंगचा हंगाम नव्हता. आवारात कोणी नव्हतं. मालक भगवानराव शेडच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सत्तरीचा माणूस, पांढरा पायजमा, पायात चप्पल नाही. त्यांनी उठून शेडचं दार सरकवलं. आत गाडी होती. तिच्यावर रुईचा थर बसला होता. टपावर, काचांवर, चाकांच्या खाचांत. लाल रंग हाताने पुसला तेव्हा दिसला.

रोशन बॅटरी बसवायला लागला. भगवानराव त्यालाच विचारत होते, "चालवाची सवय आहे ना तुम्हाले? लय पळते हे."

"माह्यासाठी नाही काका. ताईसाठी पाह्यून राह्यलो."

भगवानरावांनी साधनाकडे पाहिलं. "काय चालवता बाई तुम्ही?"

"डंपर."

"कोळशाचा?"

"मातीचा बी, कोळशाचा बी. जे भरून देतीन ते."

 भगवानरावांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. भाव रोशनने आणि त्यांनी नंतर ठरवला, त्यात फार ओढाताण झाली नाही.

गाडी चालू झाली आणि एसी लावला तसे समोरच्या जाळ्यांतून रुईचे पुंजके उडाले. साधनाच्या केसांवर, मांडीवर, सगळीकडे. ती खोकली आणि खोकता खोकता हसायला लागली. फार दिवसांनी हसत होती. सीट एवढी खाली होती की तिला वाटलं आपण बसलो नाही, पडलो आहोत. पाय सवयीने जोरात दाबला गेला आणि गाडीने अशी उसळी घेतली की रोशनने दोन्ही हातांनी समोरचा भाग पकडला.

"ताई! हे डंपर नोहे!"

भगवानराव शेडपाशी उभे होते. कोणी "बसता का" असं विचारेल म्हणून थांबले होते की नुसतेच पाहत होते, हे साधनाच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आर्णीपासून यवतमाळचा रस्ता मोठा, चौपदरी. तिथं तिने गाडी पळवली. स्टिअरिंगच्या मागे गिअरच्या दोन पात्या होत्या, बोटाने ओढलं की गिअर पडायचा आणि इंजिनाचा आवाज पाठीतून वर चढायचा. हा आवाज डंपरसारखा अंग खिळखिळं करणारा नव्हता. पण मारेगावच्या पुढे कोळशाचे ट्रक लागले, रस्त्याचे खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्यात गाडीचं पोट घासलं आणि प्रत्येक वेळी रोशनने "हाय रे" केलं. खाणीच्या कॉलनीत पोचेपर्यंत साधनाची कंबर धरली होती. शकुबाई बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"दोनच दारं? मागच्या मानसानं उतराचं कुठून व?"

"मांगं कोणी बसतच नाही, आई."

"मंग कायले घेतली?"

 साधना अंघोळीला गेली.

पुढचे महिने तसे गेले जसे आधीचे जात होते. रोज सकाळी गाडीवर काळी धूळ बसलेली असायची. पुसली की संध्याकाळी पुन्हा. मग तिने ताडपत्री घातली. एकदा भाजी आणायला नेली तर गतिरोधकावर अडकली, चार माणसांनी हात लावून सोडवली आणि त्यांतला एक म्हणाला, "बाई, हे तर खेळणं हाय." सुट्टीच्या दिवशी तिला वाटायचं, आज जाऊ कुठंतरी. पण उठायचंच बळ नसायचं. पाळी आटोपून आली की ती ताडपत्री एका बाजूने उचलायची, आत जाऊन बसायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायची आणि तशीच झोपून जायची. शकुबाई काचेवर टकटक करायची, "उठ माय, जेवून घे."

भगवानरावांचे फोन तेव्हापासूनच सुरू झाले. आधी तिला वाटलं, कागदांचं काही राहिलं असेल.

"गाडी बरी हाय ना बाई?"

"हो काका."

"रोज सुरू करत जा. पडून राह्यली की खराब होते."

"करतो काका."

दर आठवड्याला तेच. कधी पाळी आटोपून आल्या आल्या, कधी डोळा लागला असताना. रोशन म्हणाला, "नको उचलू." पण ती उचलायची, कारण म्हातारा माणूस होता. एकदा मात्र फार झालं. त्या दिवशी चढावर पुढचा डंपर बंद पडला होता आणि ती तासभर उन्हात केबिनमध्ये अडकली होती. फोनवर तोच प्रश्न आला तशी ती म्हणाली, "काका, खरं सांगू का? नाही चालवत मी. ताडपत्रीखाली उभी हाय. थकून येतो मी, जीव नाही राहत अंगात. तुम्ही काहून पुसता रोज रोज? पाह्यजे तर घेऊन जा वापस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"मीबी थकलो, बाई," भगवानराव म्हणाले. "जिनिंग भाड्यानं देऊन टाकली औंदा. सकाळपासून खुर्चीवर बसून राह्यतो."

साधनाने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"रजतनं ते गाडी आणली तवा मी लय बोललो होतो त्याले. दोन मानसांची गाडी कायले आणली मनलं, आमी मायबाप तुले नको झालो काय. तो मने, बाबा, एक डाव बसून तर पाहा. नाही बसलो. दोन वर्ष आवारात चालवे तो, मी तोंड फिरवून घेत होतो. मंग गेला कॅनडाले." ते थांबले. "सुरू झाली तवा पाह्यलं तुमच्याकडे. वाटलं, पुसावं. पन विकलेल्या गाडीत मले बसवा मनाचं कसं?"

"मंग तवाच बोलाचं होतं ना काका," साधना म्हणाली. तिचा राग गेला होता, थकवा तेवढा उरला होता. "येतो मी. पुढच्या सुट्टीले."

फोन ठेवल्यावर तिला पश्चात्ताप झाला. एवढं लांब जायचं, यायचं. पण शब्द दिला होता. रोशनने जरा जाड टायर बसवून दिले, म्हणाला, "आता कमी घासन." सुट्टीच्या दिवशी ती उजाडता उजाडता निघाली. डोळ्यांत झोप होती, मारेगावला थांबून चहा घेतला, करंजीला पुन्हा घेतला.

भगवानराव आवाराच्या फाटकाशी उभे होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, पायात बूट. लग्नाला निघाल्यासारखे. गाडीत बसणं त्यांना जमेना.

"आधी बसून घ्या काका. मंग पाय आत घ्या. डोकं सांभाळा."

ते आत आले, सीटवर टेकले आणि म्हणाले, "बाप्पा! हे तर पाटावर बसल्यावानी हाय."

आर्णीपर्यंत ते ताठ बसून होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "इतकीच पळते?"

"पळवू?"

"पळव."

तिने पात्या ओढल्या. दोन्ही बाजूंची कपाशीची शेतं मागे ओढली जाऊ लागली. भगवानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला तिला सवड नव्हती, पण त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"रजत इतकीच पळवे काय?"

"ते मले कसं माहीत काका? त्यालेच पुसा फोन करून."

"पुसतो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "लय गुदगुल्या होऊन राह्यल्या पोटात."

ती हसली. पुढचा एक ट्रक ओलांडून झाल्यावर तिने काहीतरी विचारलं, त्यावर उत्तर आलं नाही. पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. मान दाराकडे कलली होती, तोंड जरा उघडं. एवढ्या आवाजात, एवढ्या वेगात हा माणूस झोपला कसा? मग तिला वाटलं, झोपेल नाही तर काय. किती दिवस नीट झोपला नसेल.

ठरल्याप्रमाणे तिला थोडं पुढे जाऊन वळायचं होतं. ती वळली नाही. वेग उतरवला आणि जात राहिली. झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून खड्डा दिसला की आधीच अलगद बाजूला घ्यायची, ब्रेक हळू दाबायची. पहिल्यांदाच तिला या गाडीचं अंग कळत होतं. ती कुठे वाकते, कुठे अडते, वळणात किती आत शिरते. डंपरमध्ये बोट हलवलं तर काही कळत नाही. इथं कळत होतं. यवतमाळच्या अलीकडे एका धाब्यापाशी तिने गाडी थांबवली तेव्हा भगवानराव जागे झाले आणि खजील झाले.

"मी झोपलोच की. काई पाह्यलंच नाही."

"निम्मं पाह्यलं ना. आता जाताना पाहा."

त्यांनी धाब्यावरूनच कॅनडाला फोन लावला. तिकडे रात्र होती. पोराने घाबरून विचारलं असावं काय झालं, कारण भगवानराव म्हणाले, "काई नाही झालं. तुह्या गाडीत बसलो. हो, लाल. चालवणारी बाई हाय, तुह्यापेक्षा बरी चालवते." मग ते नुसतं ऐकत राहिले. साधनाने दोघांच्या जेवणाचं सांगितलं.

त्यांना दिग्रसला सोडताना ते म्हणाले, "मंग कवा येता?"

"पक्कं नाही सांगत काका. पाळीचा काही भरोसा नसते."

"नाही, नाही. सवडीनं."

परत येताना यवतमाळ सोडलं, जोडमोह्याचं जंगल लागलं. सागाची झाडं, वळणामागून वळण, रस्ता रिकामा. पाठ ठणकत होती. तिने दोन्ही काचा खाली केल्या आणि प्रत्येक वळण मनासारखं घेतलं. एखादं बिघडलं तर पुढच्यात सुधारलं. करंजीला वणीचा रस्ता समोर होता. उद्या सकाळची पाळी होती. तिने गाडी उजवीकडे, मोठ्या हायवेवर घातली. पांढरकवड्यापर्यंत गेली, उगाचच, आणि तिथून वळून आली.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळला होता. ताडपत्री घालायचं तिच्याने होईना, तशीच ठेवली. शकुबाईने ताट वाढलं.

"दिवसभर कुठं गेलती व?"

"दिग्रसले. मंग पांढरकवड्याले."

"पांढरकवड्याले काय काम होतं?"

"काई नाही," साधना म्हणाली आणि भाकरी मोडली.

ती नंतरही दर सुट्टीला गेली असं नाही. कधी महिन्यात दोनदा, कधी दोन महिने नाहीच. भगवानराव आता फोनवर गाडीचं विचारत नसत. "झोप झाली काय?" असं विचारत, आणि ती खरं काय ते सांगायची.