दुसऱ्या कुणाची भीती

तोफ उडायला अजून अवकाश होता, तरी नवऱ्याने खिशातून कापूस काढला, बोटांत फिरवून त्याचे दोन छोटे बोळे केले आणि गुडघ्यावर बसून तो ते धाकटीच्या कानांत घालू लागला. धाकटीने मान झटकली. बोळे फरसबंदीवर पडले.

"हे काय घालतोस, बाबा? मग आवाज कसा ऐकू येणार?"

"अगं, फार मोठा असतो. दचकशील. मग रडायला लागशील."

"मी?" धाकटी म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत थेट पुढच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

घरी तिला सगळे भिंगरी म्हणत आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पत्र्यावर चढायचं, भुंकणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर धावून जायचं, वीज कडाडली की अंगणात पळायचं, ही तिची लक्षणं. राजधानीच्या किल्ल्यावरची दुपारची तोफ धडाडली तेव्हा आजूबाजूची पोरं आयांच्या कुशीत शिरली आणि भिंगरी मात्र टाळ्या पिटत ओरडली, "अजून एकदा!"

नवरा हातात उरलेला कापूस घेऊन तसाच उभा राहिला. मग हसला आणि त्याने कापूस पुन्हा खिशात ठेवला.

पोरींची आई खांद्यावरची पिशवी सावरत हे बघत होती. तेव्हा तिला काही वाटलं नाही. बापाचा जीव, पोरीला जपतो, एवढंच मनात आलं आणि बरंही वाटलं. चार वर्षं झाली होती त्याला राजधानीत साहेबांची गाडी चालवायला लागून. वर्षातून एकदोनदा घरी यायचा तोही पाहुण्यासारखा. आल्या दिवशी लाड, दुसऱ्या दिवशी झोप, तिसऱ्या दिवशी बॅग. या खेपेला साहेबांचं कुटुंब परदेशी गेलं, खोलीतला जोडीदार गावी गेला आणि त्याने फोन केला, "पोरींना घेऊन ये. राजधानी दाखवतो." तिने शाळांच्या स्वेटरांची राहिलेली ऑर्डर घाईघाईने उरकली, विणायच्या मशीनवर चादर टाकली आणि दोघी पोरींना घेऊन गाडीत बसली.

किल्ल्यावरून प्राणीसंग्रहालयाकडे जायला बस धरली. नवऱ्याने भिंगरीला पुढच्या बाकावर, खिडकीपाशी बसवलं, काच उघडली, तिच्या हातात पेपरमिंटची गोळी दिली आणि एक रिकामी पिशवी स्वतःच्या मांडीवर तयार ठेवली.

"ती कशाला?" तिने विचारलं.

"पुलावर गाडी फार वळते. उलटी झाली तर जवळ असावी."

"हिला? ही येताना रात्रभर सीटवर उभी राहून गाणी म्हणत होती. शेजारच्यांनी हात जोडले."

"असं का?" तो म्हणाला. "मला वाटलं, लागत असेल."

मनात पाल चुकचुकली ती तिथे. वाटलं म्हणजे कशावरून वाटलं? थोरलीला गाडी लागत नव्हती, भिंगरीला लागत नव्हती, तिला स्वतःला तर कधीच नाही. मग कुणाची उलटी धरायची सवय या माणसाला?

एकदा नजर त्या दिशेला वळली की मग सगळंच दिसायला लागतं. प्राणीसंग्रहालयात तो वाट न विचारता चालला. आधी पाणपक्षी, मग हरणं, वाघ सगळ्यात शेवटी. "आधी वाघ पाहिला की मुलांना बाकीच्यात रस राहत नाही," असं म्हणाला. लहान मुलांच्या हाताला येईल असा बुटका नळ कुठे आहे ते त्याला ठाऊक. मुलींसाठीचा संडास कुठला स्वच्छ, तेही ठाऊक. सापांच्या घराशी आल्यावर तर त्याने भिंगरीचे डोळे हाताने झाकले आणि तिला उचलून भराभर पुढे नेलं. भिंगरीने साप बघायचा म्हणून जो गोंधळ घातला, त्याने पहारेकरी धावत आला.

थोरली मागे रेंगाळत होती. अकरावं सरत आलेलं, कपाळावर कायम एक आठी. ती आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा इथे सारखा येतो का?"

"मला काय माहीत? त्यालाच विचार."

पण विचारायची गरज पडली नाही. फाटकाबाहेरच्या आइस्क्रीमवाल्याने नवऱ्याला लांबूनच हात केला. चार कप भरता भरता भिंगरीकडे बघून तो म्हणाला, "छोटी बरीच उंच झाली की हो! आणि आज दाणे चालतील का? एरवी तुम्ही बिनदाण्याचंच घेता म्हणून विचारतो."

नवरा 'ही ती नाही' असं म्हणाला नाही. पैसे दिले, कप उचलले आणि पोरींना सावलीत नेलं. ती तिथेच उभी राहिली. आइस्क्रीम वितळून मनगटावर आलं तरी तिला कळलं नाही. पोटात असा काही जाळ उठला होता की ते सबंध गाडं आणून ओतलं असतं तरी विझला नसता.

त्या संध्याकाळी तिने हूं की चूं केलं नाही. पोरींसमोर तमाशा नको. पण मनातल्या मनात तिने त्या बाईला पुरती उभी केली. गोरी असणार. कामाला जाणारी, बोलण्यात चटपटीत. नवरा नसलेली, किंवा असून नसल्यासारखा. आणि एक लहान मुलगी. उलट्या होणारी, आवाजाला भिणारी, दाणे न चालणारी. नाजूक! आपण घरी शाळाशाळांच्या बाह्या विणत बोटं मोडून घेतोय आणि हा इथे रविवारचा बाप झालाय. भांडणाची वाक्यंसुद्धा तिने तयार ठेवली, एकाहून एक धारदार.

सकाळी ती पोळ्यांची कणीक मळत असताना मागे वळून बघते तर नवरा खाटेवर बसलेला, भिंगरी त्याच्या गुडघ्यांमध्ये. दातांत रिबन धरून तो तिच्या केसांचा मधोमध सरळ भांग पाडत होता. तीन पेड घेतले, कानामागून घट्ट ओढत वेणी खाली आणली, शेवटी रिबनचं फूल केलं. मग दुसरी. दोन्ही वेण्या एका मापाच्या. पाच वर्षांपूर्वी याच माणसाने थोरलीचे केस विंचरायला घेऊन फणी अडकवून ठेवली होती आणि शेवटी कात्री आणावी लागली होती.

"छान घातलीस रे, बाबा," भिंगरी आरशात बघत म्हणाली. "आईची सुटते."

कणीक मळणारा हात थांबला. तोफ, बस, आइस्क्रीमवाला, सगळं तिने गिळलं असतं. ही वेणी गिळता येईना.

तिसऱ्या प्रहरी मनोऱ्यावर जायचं होतं. राजधानीतला सगळ्यात उंच मनोरा. वर काचेची जमीन आहे, असं भिंगरी कालपासून घोकत होती. तिकिटं मिळाली ती उशिराची, म्हणून खालच्या बागेत बाकावर बसले. पोरी मागे गवतात गेल्या. तिने तयार ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

"तिच्या मुलीचं नाव काय?" तिने विचारलं.

"कुणाच्या?"

"जिच्या मुलीच्या वेण्या घालता, तिच्या. उगाच वेड पांघरू नका. मी आंधळी नाही."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. आधी त्याला कळलंच नाही आणि मग जे कळलं त्याने तो इतका गोंधळला की हसूच आलं त्याला.

"अगं, बेबी ती! साहेबांची मुलगी."

"साहेबांची?"

"आता सातची होईल. शाळेत सोडायचं, आणायचं, सुट्टीच्या दिवशी फिरवायचं, माझ्याकडेच असतं. साहेब दौऱ्यावर, मॅडमचं ऑफिस. पहिल्यांदा किल्ल्यावर नेली तर तोफेच्या आवाजाने थरथर कापायला लागली, बोलेचना. तेव्हापासून खिशात कापूस ठेवतो. गाडीत मागे बसली की उलटी. म्हणून मी पुढे घेतो तिला, साहेबांना माहीत नाही. शाळेत एक वेणी वाकडी झाली की बाई रागावतात, मग काय करणार, शिकलो. पहिला दात पडला तेव्हा..."

तो बोलत होता. हातांनी दाखवत होता, मधेच हसत होता. चार वर्षांत फोनवर तो एवढं कधी बोललेला तिला आठवेना. एकदा सुटकेचा श्वास तिच्या छातीतून बाहेर पडला, नाही असं नाही. बाई नव्हती. गोरी, चटपटीत, कुणीच नव्हती. पण तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आतच जाळ पुन्हा पेटला, आधीपेक्षा जास्त. सवत असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. सात वर्षांच्या पोरीच्या वेण्या कशा उपटायच्या?

"भिंगरीचे किती दात पडलेत?" तिने विचारलं.

दाखवणारे हात त्याने मांडीवर ठेवले.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीत कधी," ती म्हणाली.

"काय सांगू? घरी पोरीला ताप आलाय म्हणून तू फोन करायचीस, तेव्हा मी त्या पोरीला घेऊन बदकं दाखवत असायचो. हे सांगू?" तो हातांकडे बघत म्हणाला. "तिला जपलं की वाटायचं, आपल्यांनाच जपतोय. भिंगरीएवढीच तर आहे गं. काल आइस्क्रीमवाला म्हणाला तेव्हा मला ते खोडून काढवलं नाही."

तिला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. ज्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं, तिचा असा हेवा वाटतोय याची लाज वाटली, तरी हेवा काही हटेना. मागे गवतात काहीच आवाज नव्हता. तिने वळून पाहिलं. थोरली गवताची पाती उपटत होती. भिंगरी पालथी पडून मुंग्या बघत असल्यासारखी होती, पण तिचा चेहरा मुंग्यांकडे नव्हता, बाकाकडे होता.

चौघं लिफ्टमध्ये शिरले. वर दार उघडलं आणि वाऱ्याचा झोत आला. खाली सबंध राजधानी पसरलेली, नदी, पूल, सरकारी इमारतींचे घुमट, खेळण्यातल्यासारख्या बसगाड्या. मधोमध काचेची जमीन होती. तिच्या कडेला मोठी माणसंसुद्धा थबकत होती. एक गृहस्थ तर चवड्यावर दोन पावलं टाकून परत फिरले.

भिंगरी सगळ्यांच्या पुढे निघाली. एक पाऊल तिने काचेवर ठेवलं, वाकून खाली बघितलं आणि तिचे डोळे असे काही चमकले की आता ही काचेवर उड्या मारणार, हे तिच्या आईने ओळखलं आणि ओरडायला तोंड उघडलं.

उडी आली नाही. भिंगरीने मान वर केली, वळून बापाकडे पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिली. मग तिने काचेवरचं पाऊल मागे घेतलं.

"बाबा," ती बारीक आवाजात म्हणाली, "मला भीती वाटते."

नवरा कुणीतरी हाक मारायचीच वाट बघत असल्यासारखा पुढे धावला. तो गुडघ्यावर बसला, तिला जवळ घेतलं. "काही नाही होत, बाळा. डोळे मिट. माझं बोट धर. मी सांगीन तेव्हाच पाऊल टाकायचं हं." भिंगरीने डोळे घट्ट मिटले आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसलं. दोन्ही वेण्या त्याच्या हातावर लोंबत होत्या.

'अहो, ही पत्र्यावरून धावते,' असं आईच्या अगदी जिभेवर आलं. पण त्याचा चेहरा तिला दिसला आणि ते तिथेच राहिलं.

तेवढ्यात तिच्या तळव्यात काहीतरी गार शिरलं. थोरलीचा हात होता तो, घामाने ओला, बर्फासारखा. थोरली झोक्यावरसुद्धा पाय जमिनीला टेकवून बसायची. लिफ्टपासून ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि ओठ पांढरे पडले होते.

नवऱ्याने भिंगरीला कडेवर घेतलं आणि मोकळा हात थोरलीकडे केला.

"तू पण ये. की घाबरलीस?"

थोरलीने बापाच्या खांद्यावरल्या त्या वेण्यांकडे पाहिलं. आईच्या हातातली बोटं आणखी आवळली.

"मला नाही वाटत भीती," ती म्हणाली. "तुम्ही जा."

"शहाणी आहे माझी पोर," तो म्हणाला. त्याने दोघींचंही खरं मानलं आणि भिंगरीला घेऊन हळूहळू, एक एक पाऊल मोजत, तो काचेवर गेला.