दहापैकी किती?

नळदुरुस्ती करणाऱ्याने गिऱ्हाइकाला घाबरवायचं नसतं. घरभर पाणी झालेलं असो, आमचे नळवाले दादा म्हणणार, "किरकोळ आहे, होऊन जाईल." धंद्यात हे शोभतं. पण या शहाण्याने तेच स्वतःच्या कमरेलाही लावलं, आणि चांगली सहा वर्षं लावलं. गोळ्या झाल्या, शेक झाले, व्यायाम झाले; विचारलं की उत्तर ठरलेलं, किरकोळ.

शेवटी बायकोने त्यांना ओढतच कंबरदुखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

"तीन. फार तर चार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग सुई कशाला टोचायची? व्यायामच चालू ठेवा."

दादा मान डोलावून उठायला लागले. घ्या, तोंडाशी आलेला उपाय स्वतःच्याच तोंडाने घालवला. बायकोचा धीर सुटला.

"बसा खाली," ती म्हणाली. "डॉक्टर, यांचं काही ऐकू नका. सिंकखालून यांना उठता येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाकडे प्यायला पाणी मागतात, आणि ते आत गेलं की हे रांगत बाहेर निघतात. चार घरच्या बायकांनी सांगितलंय मला. सकाळी पलंगावरून उठून भिंत धरेपर्यंत यांना घाम फुटतो. यांना लाज वाटू नये म्हणून मी झोपेचं सोंग घेऊन पडते."

हे सोंग दादांना ठाऊक नव्हतं. ते परत खाली बसले.

बाईंनी आधी कमरेतल्या नसांजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं. काही तास कळ थांबली, म्हणजे चोर सापडला. पुढच्या खेपेला एक्स-रेच्या पडद्यावर बघत बारीक सुया घातल्या आणि कळ पोचवणाऱ्या त्याच नसा उष्णतेने बंद केल्या. ना टाके, ना मुक्काम. जेवायला दोघं घरी. आठवडाभर जागा हुळहुळली, मग तेही गेलं.

महिन्याभराने दादा घरच्या सिंकखाली शिरले, गळका सांधा आवळला आणि कशालाही न धरता उभे राहिले. बायको बघतच होती.

"आता किती?" तिने विचारलं.

"एक असेल." मग ते म्हणाले, "तेव्हा नऊ होतं गं. तू बोलली नसतीस तर मी तसाच कुढत राहिलो असतो. फार उपकार झाले तुझे."

सहा वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला होता. ती ओट्याला टेकली आणि पोटभर रडली.