रक्त धुऊन मिळेल

व्यायामशाळेच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गुंडाळून ठेवलेल्या चटयांवर, लाकडी घोड्यावर, खिडक्यांच्या कठड्यांवरसुद्धा माणसं बसली होती, आणि एवढ्या उकाड्यात बहुतेकांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घातले होते. समोर टेबलावर काचेचं मोठं भांडं होतं. त्यात नितळ पाणी. टेबलामागे लेपवाले गुरुजी उभे होते आणि त्यांच्या शेजारी, बाह्या वर सारून, खाली मान घालून, दादा.

"ह्या गृहस्थांचं रक्त नासलंय," गुरुजी दादाच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते. आवाज मोठा गोड, लहान मुलाला समजावल्यासारखा. "पित्त वर चढून बसलंय, कफ खाली दडलाय, आणि वात दोघांत भांडणं लावून मजा बघतोय. डॉक्टर काय करतात? कातडीला मलम लावतात. अहो, नळ फुटलाय आत, आणि हे बाहेरून भिंत पुसतायत."

लोक खुशीत हसले. गुरुजींच्या सेविकेने दादाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पिवळा लेप चोपडला. गुरुजींनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि खूण केली. दादाने हात पाण्यात बुडवले. हातांभोवती आधी धुरासारखे लाल लोट उठले, मग बघता बघता सगळं भांडं रक्तासारखं झालं. हॉलभर एकच सुस्कारा फिरला.

मागच्या रांगेत वहिनीने बुटकीचं मनगट गच्च धरलं. बुटकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. हे नाव दादानेच लहानपणी ठेवलेलं, आणि पुढे ती त्याच्या खांद्याला लागली तरी ते काही सुटलं नव्हतं. वहिनी रडत होती. बुटकीच्या मनात आलं, हाताला जखम नाही, मग एवढं रक्त आलं कुठून? पण वहिनीच्या तोंडाकडे बघून ती गप्प बसली.

दादाला सोरायसिस होता. ऐन विशीत कोपरावर एक लाल चट्टा उठला, त्यावर चंदेरी पापुद्रे धरले, आणि तिथून तो कधी गुडघ्यांवर, कधी पाठीवर, कधी केसांच्या कडेने कपाळावर असा अंगभर हिंडत राहिला. वहिनी रोज सकाळी अंथरूण झटकायची तेव्हा चादरीवरून खपल्यांचा भुगा गळायचा, आणि दादा बाहेर जाईपर्यंत ती तो भुगा झाडायची नाही.

भावा-बहिणीचं चष्म्याचं दुकान होतं, वडिलांनी मागे ठेवलेलं. दादा पुढे गिऱ्हाईक बघायचा आणि बुटकी मागच्या खोलीत यंत्रावर भिंगं घासायची. दादाचा हात फार हलका होता. फ्रेम नाकावर बसवून, काड्या कानामागे जरा दाबून, मान तिरकी करून तो असं बघायचा की माणसाला आपण देखणे आहोत असंच वाटावं. मग रोग बोटांवर उतरला. एक दिवस त्याने फ्रेम पुढे केली तशी एका जुन्या गिऱ्हाईक बाईने डोकं मागे घेतलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "राहू द्या, मीच घालते." त्या दिवसापासून दादा मागच्या खोलीत गेला आणि बुटकी पुढे आली.

इतकी वर्षं त्याचं औषध चालू होतं वैद्यबाईंचं. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता आणि जिन्यातच तेलांचा वास यायचा. बाईंनी आयुर्वेद शिकण्यात आणि करण्यात जन्म घालवला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं की आमच्या शास्त्रात काही रोग बरे होणारे, काही न होणारे, आणि मधले काही याप्य म्हणून सांगितलेत. याप्य म्हणजे जन्मभर सांभाळायचा. तुमचा हा त्यातलाच. अंघोळीआधी अंगाला तेल, कडक साबण बंद, जागरण नको, खाज आली तरी नखं लावायची नाहीत, दारूला शिवायचं नाही, मनाला फार घोर लावून घ्यायचा नाही. कधी उफाळेल, कधी निवेल. फार वाढलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं, त्यात कमीपणा मानायचा नाही. दादा हे सगळं मुकाट्याने करायचा. रोगही बाईंनी सांगितल्याप्रमाणे उफाळायचा आणि निवायचा. पण "सांभाळायचा" हा शब्द दादाच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता.

"म्हणजे मेल्यावरच सुटका," एकदा जेवताना तो म्हणाला होता.

आणि गुरुजी म्हणत होते, मुळासकट काढतो. हिरवं मलम, काळ्या गोळ्या, आणि एकच पथ्य: दुसऱ्या कोणाचं औषध घरात ठेवायचं नाही. दादाने घरी येऊन बाईंच्या तेलाच्या बाटल्या मोरीत ओतल्या.

गुण आला, हे कबूल करायलाच हवं. आठवडा उलटायच्या आत खपल्या धरेनाशा झाल्या. मग लाली उतरली. मग एका सकाळी वहिनीने चादर झटकली आणि त्यातून काहीच पडलं नाही. ती बराच वेळ चादर हातात धरून उभी राहिली. दादाने अर्ध्या बाह्यांचा शर्ट विकत आणला. तो दुकानात पुढे आला आणि बुटकी आनंदाने मागे गेली. मागच्या खोलीतून तिला त्याचं बोलणं ऐकू यायचं, "जरा मान वर करा, हां, आता हसा बघू," आणि यंत्र चालू असतानाच तिचे डोळे भरून यायचे. पुन्हा एका रविवारी दादाला टेबलाशी उभं केलं, पुन्हा पिवळा लेप लावला, हात पाण्यात घातले. पाणी जेमतेम पिवळसर झालं. गुरुजी म्हणाले, रक्त धुऊन निघालं. दादा सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडला.

बुटकीला आधी खटकला तो त्याचा चेहरा. गाल फुगून गोल गरगरीत झाले होते. गुरुजींच्या मते ते तेज होतं. मग त्याला सारखी तहान लागू लागली, रात्रीतून अनेकदा उठावं लागू लागलं. एकदा दुकानात काउंटरच्या कडेला हात नुसता घासला, तर कातडी ओल्या कागदासारखी फाटली आणि खाली जांभळा डाग पसरला. तेव्हा बुटकीने त्याच्या डबीतलं थोडं मलम आणि दोन गोळ्या काढून घेतल्या आणि तेलाच्या वासाचा तो जिना पुष्कळ दिवसांनी चढली. आपलं औषध टाकून गेलेल्या रोग्याच्या बहिणीला बाई काय म्हणतील, याची तिला धाकधूक होती. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

लाल पाण्याची गोष्ट ऐकल्यावर त्या आत गेल्या आणि दोन पेले घेऊन आल्या. दोन्हींत सारखंच नितळ पाणी दिसत होतं. त्यांनी बुटकीच्या दोन बोटांना ओली हळद लावली आणि एकेक बोट एकेका पेल्यात घालायला सांगितलं. एका पेल्यात हळद विरघळून पिवळी राहिली. दुसऱ्यात लालभडक लोट उठले.

"ह्यात चुन्याची निवळी आहे," बाई म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. दादाचे हात आजारी होते तेव्हा निवळी, बरे झाले म्हणायचं तेव्हा साधं पाणी. एवढंच."

मलम आणि गोळ्या त्यांनी ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. काय निघणार ते त्यांना आधीच कळलं होतं, आणि फोन आला तेव्हा तेच निघालं. दोन्हींत स्टेरॉइड होतं, आणि भरपूर. त्यांनी बुटकीला समजावलं की हे औषध मुळात विष नव्हे, डॉक्टरही देतात, पण मोजून, सांगून, लक्ष ठेवून. ते रोग झाकतं, काढत नाही. ते असं मूठभर घेतलं की हाडं, साखर, कातडी सगळ्याची वाट लागते. आणि एकदम थांबवलं तर झाकलेला रोग दुपटीने उसळतो. "त्याला गोळ्या फेकू देऊ नकोस. इस्पितळात नेऊन हळूहळू कमी करायला हव्यात."

दादा ऐकायला तयार नव्हता. बाईंचा धंदा बसला म्हणून त्या जळतात, एवढंच तो म्हणाला. वहिनी तर बुटकीशी बोलेनाशी झाली. शेवटी पुढच्या रविवारी वैद्यबाई स्वतः हॉलमध्ये आल्या.

गुरुजींचं पित्त-कफाचं भांडण रंगात आलं असताना बुटकी पुढे गेली. सेविका आडवी यायच्या आत तिने पिवळ्या लेपात हात घातला आणि कोपरापर्यंत माखून भांड्यात बुडवला. पाणी लाल झालं.

"माझ्या अंगावर एक डाग नाही," ती म्हणाली. "माझं रक्त कशाने नासलं?"

गुरुजी जराही डगमगले नाहीत. त्यांनी तिच्याकडे फार मायेने बघितलं. "बाळ, इतकी वर्षं भावाच्या हाताला हात लावत आलीस. त्याचं थोडं तुझ्यात उतरणारच ना?"

दादा ज्या बाकावर बसला होता तिथली माणसं जरा सरकली. वहिनी स्वतःच्या तळव्यांकडे बघू लागली. बुटकीला वाटलं, आपण इथे आलोच नसतो तर बरं झालं असतं.

मग वैद्यबाई टेबलापाशी आल्या. सोरायसिस स्पर्शाने कधीही पसरत नाही, हे त्यांनी सगळ्यात आधी आणि दोनदा सांगितलं. पिशवीतून लिंबं काढून त्यांनी त्या लाल भांड्यात पिळली, हाताने पाणी ढवळलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा हळदीसारखं पिवळं झालं. "लिंबू पिळून रक्त पिवळं होत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी चुना सांगितला, हळद सांगितली, गोळ्यांत काय निघालं ते सांगितलं. आयुर्वेदाच्या नावावर हे चाललंय याची मला लाज वाटते, असंही म्हणाल्या. लोक लक्ष देऊन ऐकत होते. बुटकीला क्षणभर वाटलं, जमलं.

पहिल्या रांगेतला एक बेकरीवाला उठला. त्याचे दोन्ही हात सुजून सोललेले होते. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला पूर्ण बरं कराल?"

खोटं बोलल्या असत्या तर अर्धा हॉल त्यांच्यामागे आला असता.

"नाही," त्या म्हणाल्या. "रोग ताब्यात राहील, तुम्ही नीट जगाल, एवढं बघता येईल. पुन्हा उठणारच नाही असं सांगणारा खोटं बोलतोय."

बेकरीवाला मान हलवून खाली बसला आणि गुरुजींकडे वळला. त्याच्यामागोमाग एकेक करून सगळे वळले. सेविकेने भांडं आत नेलं, ताजं पाणी भरून आणलं, आणि पुढचं नाव पुकारलं.

वैद्यबाईंनी तक्रार केली, तेव्हा आठवड्याभरातच गुरुजी हॉल सोडून दुसऱ्या गावी गेले. इथल्यांना एकाएकी गोळ्या मिळेनाशा झाल्या. बाईंनी जे सांगितलं होतं तेच झालं. दादाचं अंग टाळूपासून तळव्यापर्यंत लालबुंद झालं, कातडीचे पापुद्रेच्या पापुद्रे सुटू लागले, आणि उकाड्यात तो दोन पांघरुणांखाली कुडकुडत होता. इस्पितळात त्याला फार दिवस ठेवावं लागलं. जीव वाचला. साखर कायमची मागे लागली, चट्टे पूर्वी नव्हते तिथेही आले. बेकरीवाला दुसऱ्या वॉर्डात होता. तो घरी गेला नाही.

दादाला घरी आणल्यावर वैद्यबाई भेटायला आल्या. इस्पितळाची औषधं चालू ठेवून तेल पुन्हा सुरू करू, म्हणाल्या. त्यांनी त्याला सगळा प्रकार परत एकदा सावकाश समजावला. तो छताकडे बघत होता.

"मला सगळं कळतंय, बाई," तो म्हणाला. "चुना, हळद, स्टेरॉइड. मी काही अडाणी नाही. पण ते थोडे महिने लोक माझ्या हाताकडे न बघता माझ्याशी बोलत होते. तुम्ही मला खरं दिलंत. ते घेऊन मी काय करू?"

बाई उठल्या. जाताना त्यांनी तेलाची बाटली उशाशी ठेवली.

पाऊल टाकण्याइतकी ताकद आल्यावर एका सकाळी दादा आणि वहिनी घरातून निघून गेली. कुठे गेली ते विचारायची गरज नव्हती. चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. पाणी पुन्हा लाल झालं, ती सांगत होती, गुरुजी म्हणाले, या खेपेला मुळं खोल गेलीत, वेळ लागेल. तिच्या आवाजात आशा होती. बुटकीने तिला परत बोलावलं, रागावली, शेवटी विनवण्या केल्या. पलीकडून फोन ठेवला गेला.

आता दुकानात पुढेही बुटकी आणि मागेही बुटकी. परवा एक बाई चष्म्याची काडी दुरुस्त करायला आली होती. तिच्या कोपरावर बुटकीच्या ओळखीचा चट्टा होता. काडी बसवून होईपर्यंत ती घुटमळत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "तुमचे भाऊ कुठल्याशा गुरुजींकडे बरे झाले म्हणे. पत्ता मिळेल?"

बुटकीने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. भावाचं काय झालं ते तिने पहिल्यापासून सांगितलं, काहीही न लपवता. "पत्ता देणार नाही," ती म्हणाली. "वैद्याकडे जा, डॉक्टरांकडे जा, कोणाकडेही जा. फक्त प्रत्येकाला विचारा, ह्या गोळीत काय आहे. जो सांगणार नाही त्याची गोळी घेऊ नका. आणि मुळासकट काढतो असं जो म्हणेल, त्याच्या दारातून उलट्या पावली परत या."

बाईने सगळं ऐकून घेतलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि रस्ता ओलांडून गेली.