पॅसेजमधले अठरा अंश

क्लिफ हॉल्रॉइडच्या घरात उबेचा कायदा एकच होता आणि तो पॅसेजच्या भिंतीवर, कोट अडकवायच्या खुंट्यांशेजारी बसवलेला होता. घर किती गरम ठेवायचं ते बॉयलरला सांगणारी, बिस्किटाएवढी एक गोल चकती आणि तिचा काटा अठरावर. अठरा म्हणजे अठरा. सदतीस वर्षांपूर्वी घरात बॉयलर आला, खोल्याखोल्यांतून गरम पाण्याचे रेडिएटर लागले, तेव्हाच क्लिफने हा आकडा ठरवून टाकला होता. उत्तर इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावरची दगडी घरं हिवाळ्यात किती गारठतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने धरलेला बर्फ नखाने खरवडत लहानाचा मोठा झाला होता. अशी माणसं पुढे एक तर जन्मभर उबेच्या मागे लागतात, नाहीतर जन्मभर उबेला नावं ठेवतात. क्लिफ दुसऱ्या पंथाचा होता.

त्याची बायको एनिड पहिल्या पंथाची. पहिले दोन हिवाळे घरात महायुद्ध चाललं. ती जाता-येता काटा बावीसवर न्यायची, हा पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून परत अठरावर आणायचा. "थंडी वाजत असेल तर स्वेटर घाल," हे त्याचं वाक्य. "दोन घातलेत, तिसरा तुझा घालू का?" हे तिचं. मग तिसऱ्या हिवाळ्यात एनिड अचानक गप्प झाली. काट्याला तिने पुन्हा म्हणून हात लावला नाही. बायको पटकन गप्प झाली की नवऱ्याने जरा घाबरून राहावं, पण क्लिफने आपण जिंकलो असा सरळ अर्थ काढला. गालिच्यांच्या गिरणीत तो मागांचा जॉबर, म्हणजे मुकादम होता. चाळीस माग त्याच्या कानांच्या हुकमात, कुठला धागा तुटणार ते त्याला आवाजावरून आधी कळायचं. अशा माणसाला आपल्या घरातलं यंत्र आपल्याला कळतं असं वाटलं, यात नवल नाही. पुढे बैठकीच्या खोलीत कुणी पाहुणा "काय छान ऊब आहे हो तुमच्याकडे!" म्हणाला की क्लिफ पॅसेजकडे बोट दाखवून सांगायचा, "अठरा. फक्त अठरा. लोक उगाच पैसे जाळतात." एनिड मान खाली घालून विणत राहायची.

नोव्हेंबरमध्ये एनिड गेली. आणि घर गार पडलं.

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, घर खरोखरच गार पडलं. काटा तोच, अठरावर. बॉयलर तोच, स्वयंपाकघरातल्या कपाटात गुरगुरणारा. पण बैठकीच्या खोलीत क्लिफ टोपी घालून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसायला लागला. बॉयलर पेटायचा, दहा मिनिटांत गप्प व्हायचा. पुन्हा कधीतरी पेटायचा, पुन्हा गप्प. आधी त्याला वाटलं, यंत्र म्हातारं झालं. मग वाटलं, आपण झालो. आणि खरं सांगायचं तर त्याने मनातल्या मनात तिसरंच काही धरलं होतं, जे तो कुणाजवळ बोलला नसता. बाई गेली की घरातली ऊब जाते, तशी ती गेली आहे आणि ती काही आता परत येणार नाही. त्यामुळे तीन महिने त्याने कुणाला बोलावलंच नाही. दुःखाला दुरुस्तीवाला कशाला?

मुलगी जिल दर रविवारी लीड्सहून यायची. तिने एक लहान थर्मामीटर आणून बैठकीच्या खोलीत ठेवला होता. जानेवारीत त्याने चौदा दाखवले.

"डॅड, तू खिडकी उघडी टाकतोस का रे?"

"मी? मला काय वेड लागलंय?"

"पॅसेज तर मस्त गरम आहे. आत आले की बरं वाटतं. आणि ह्या खोलीत कुल्फी होते माणसाची. म्हणजे तू इथे काहीतरी उघडं ठेवतोयस."

"काही उघडं नाही."

"परवा मागचं दार उघडं होतं. शेजारच्या डोरीनने फोन करून सांगितलं मला."

"कचरा टाकायला गेलो होतो."

"दोन तास?"

दार खरंच राहून गेलं होतं. जिल आवाज चढवणारी नव्हती. तिने बॅगेतून एक फोल्डर काढला, त्याच्यापुढे ठेवला. ज्येष्ठांसाठीच्या फ्लॅटची माहिती. खाली देखरेखीला बाई, प्रत्येक खोलीत मदतीसाठी ओढायची दोरी, आणि ऊब सगळ्या इमारतीला एकाच मोठ्या बॉयलरमधून. क्लिफने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चकती कुठे असते ह्यांची?"

"कसली चकती?"

"कमी-जास्त करायची."

"नसते, डॅड. ऑफिसातून ठरतं. तुला काही बघायलाच नको."

सतराव्या वर्षापासून यंत्रं बघत आलेल्या माणसाला काही बघायलाच नको, यापेक्षा वाईट बातमी कोणती? पण जिलचे डोळे बघून तो वाद घालू शकला नाही. येत्या नाही, त्यापुढच्या मंगळवारी फ्लॅट बघायला जायचं ठरलं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मात्र त्याने मुकाट्याने झुबैरला फोन केला. निदान बॉयलर मेला आहे हे तरी सिद्ध होऊ दे, म्हणजे दोष माझ्या डोक्याचा नाही एवढं तरी म्हणता येईल.

झुबैर दरवर्षी बॉयलरची तपासणी करायला यायचा. जन्म हॅलिफॅक्सचा, वडील त्याच गालिच्यांच्या गिरणीत होते, आणि क्रिकेटवरून क्लिफशी त्याचं बारमाही भांडण. त्याने कपाट उघडलं, झाकण काढलं, कान लावला, आकडे बघितले.

"मिस्टर हॉल्रॉइड, तुमचा बॉयलर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग खोली गार का?"

"तेच बघतो." त्याने बैठकीच्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला. जेमतेम कोमट. मग तो पॅसेजमध्ये गेला, लटकणारे कोट बाजूला केले, मागे हात घातला आणि चटकन काढून घेतला. "अरे! हा चालू आहे?"

"रेडिएटर आहे तो. चालू नाहीतर काय असणार?"

"हा बंद असतो ना पण."

"कधीपासून?"

झुबैरने नको तितकं लक्षपूर्वक आपला पाना पुसायला घेतला.

"झुबैर, मी काय विचारतोय? कधीपासून बंद असतो?"

"मी येतोय तेव्हापासून. म्हणजे बारा वर्षं. त्याआधीचं तुम्ही… तुम्ही बसा बरं जरा."

"मी उभाच बरा आहे. बोल."

"हे बघा, रागावू नका. ही भिंतीवरची चकती असते ना, तिला फक्त तिच्या आजूबाजूची हवा कळते. तुमची बैठकीची खोली तिला माहीतच नाही. पॅसेज अठराला पोचला की ती बॉयलरला सांगते, पुरे, झोप. आता हा रेडिएटर तिच्या नाकाखाली पेटलेला. दहा मिनिटांत पॅसेज अठरा. चकती खूश, बॉयलर बंद, आणि तुम्ही आत घोंगडी पांघरून."

क्लिफ माणूस यंत्रांचा, पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. तो सावकाश म्हणाला, "आणि हा बंद असला, तर पॅसेज अठराला कधी पोचतच नाही."

"सहसा नाही. दाराखालून वारा येतो. मग चकती आपली ओरडत राहते, अजून गरम कर, अजून गरम कर, आणि बॉयलर चालूच राहतो. आतल्या खोलीचा रेडिएटर मात्र त्याच्या अंगावरच्या चावीवर चालतो, एक ते पाच आकडे असतात तिच्यावर. ती मिसेस हॉल्रॉइडनी चारवर ठेवलेली. म्हणजे झाले बावीस."

"बावीस."

"एकवीस-बावीस."

"पस्तीस वर्षं?"

"मला दरवर्षी चहाबरोबर पार्किन मिळायचा, मिस्टर हॉल्रॉइड. आल्याचा गुळमट केक, दोन तुकडे. वर सांगायच्या, पॅसेजमधल्याला हात लावायचा नाही आणि ह्यांना बोलायचं नाही. माझ्यासमोर पार्किन होता. मी काय करणार?"

क्लिफने एनिडला अशी एक शिवी दिली जी त्याने गिरणी सोडल्यापासून वापरली नव्हती. मग तो हसायला लागला. जिन्याच्या पायरीवर बसून इतका हसला की झुबैरला पाणी आणावं लागलं. चाळीस मागांच्या जॉबरला एका बाईने एका चावीवर शेंडी लावली होती, आणि ती लावून समोर बसून विणत होती, आणि तो पाहुण्यांना अठरा-अठरा सांगत होता! गॅसची बिलंसुद्धा तीच उघडायची. का, ते आत्ता कळलं.

"पण हा उघडला कुणी?" झुबैर म्हणाला. "नुसता उघडला नाही, पुरता पाचवर आहे."

क्लिफचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याला लख्ख आठवलं. एनिडला पोचवून सगळे घरी आले होते, हॅमची सँडविचं ठेवली होती, बाहेर पाऊस झोडपत होता. पॅसेजमध्ये ओल्या कोटांचा ढीग. काळ्या कपड्यांतली जिल त्या ढिगात गुडघ्यांवर बसून चावी फिरवत म्हणाली होती, "हा कुणी बंद ठेवलाय? लोकांना ओले कोट घालून परत पाठवायचं का?"

"कुणास ठाऊक," क्लिफ म्हणाला.

झुबैरने खरी पद्धत सांगितली. पॅसेजमधला रेडिएटर जरासाच उघडा ठेवा आणि चकती एकवीसवर न्या.

"एकवीस म्हणजे उधळपट्टी."

"तुम्ही आयुष्यभर एकवीसमध्येच राहिलात. आता निदान तोंडाने कबूल करा."

तासाभरात बैठकीची खोली उबदार झाली. क्लिफने टोपी काढली, घोंगडी बाजूला ठेवली आणि वाट बघत बसला. कशाची, ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. इतके दिवस ज्याला तो एनिडचं जाणं समजत होता ती पॅसेजमधली एक चावी निघाली होती. चावी फिरली, खोली अगदी पूर्वीसारखी झाली, आणि समोरची खुर्ची रिकामी ती रिकामीच. थंडी होती तेव्हा निदान दोष द्यायला काहीतरी होतं. आता फार वाईट वाटलं त्याला, पहिल्यापेक्षाही वाईट.

आणि रविवार यायचा होता. जिलला काय सांगायचं? खरं सांगितलं तर फ्लॅटचा प्रश्नच मिटत होता. डॅडचं डोकं शाबूत, खिडकी कधी उघडी नव्हती, चूक होती ती तुझी. पण मग ही पोरगी आपल्या आईला पोचवल्याच्या दिवशी केलेल्या एका चांगुलपणामुळे बाप तीन महिने कुडकुडत बसला, हे ओझं घेऊन लीड्सला जाणार. तिचा स्वभाव त्याला माहीत होता. शाळेत असताना मेलेल्या सशासाठी तिने महिनाभर स्वतःला दोष दिला होता. उलट मीच उघडला म्हणावं, तर तिच्या मनात आहे तेच पक्कं होणार. म्हातारा चाव्या फिरवतो आणि विसरतो. मग मंगळवारी फ्लॅट, आणि ऑफिसातून ठरलेली ऊब. दोन दिवस त्याने याशिवाय दुसरा विचार केला नाही.

रविवारी जिल आत आली, दोन पावलांत थांबली, कोट काढला.

"अगं बाई! ही खोली! काय होतं काय नेमकं?"

क्लिफने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "पॅसेजमधला रेडिएटर. तो उघडा असला की चकती फसते, बॉयलर लवकर बंद होतो. झुबैरने बरोबर करून दिलं."

"उघडला कुणी?"

"मीच."

"कधी?"

"आठवत नाही."

जिल हळूच सोफ्याच्या कडेवर टेकली. ज्याची तिला धास्ती होती तेच समोर आलं होतं. "आठवत नाही," ती म्हणाली. "डॅड, मग मंगळवारी जायलाच हवं रे आपल्याला."

"जाऊ की."

"भांडणार नाहीस?"

"नाही. चहा टाक."

ती आत गेली. किटलीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला. थोड्या वेळाने ती रिकाम्या हातांनीच दारात उभी राहिली.

"डॅड, तो मी उघडला होता."

क्लिफने पेपर उलटला.

"त्या दिवशी. कोट वाळावेत म्हणून. तू जिन्यात उभा होतास, तुझ्यासमोर उघडला मी. तुला आठवत होतं."

"आता तुला सगळंच…"

"आठवत होतं की नाही? सरळ सांग."

"आठवत होतं."

"मग कुठे निघाला होतास मंगळवारी? घर सोडून? मला बरं वाटावं म्हणून?" तिचा आवाज फुटला. "आईला जमायचं रे खोटं बोलायला. तुला नाही जमत. तुझे कान लाल होतात."

"खोली फार गरम आहे."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू आलं. ती त्याच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकून म्हणाली, "मी फोन करून नाही म्हणून सांगते त्यांना. पण तीन महिने, डॅड. तीन महिने तू इथे गारठून बसलास, आणि मी तुलाच बोलत राहिले."

"अगं, त्यात तुझा काय दोष? मला गारठ्यात राहायची सवयच उरली नव्हती." क्लिफने तिच्या केसांवर हात ठेवला. "पस्तीस वर्षं तुझ्या आईनं मला थंडी वाजूच दिली नाही. आणि मी तिला स्वेटर घालायला सांगत होतो गं."

एवढं बोलून तो रडला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच.