मेंढवाड्यांवरचा ताप

खुलताबादकडच्या डोंगरवस्त्यांवर बायकांना ताप यायचा, उतरायचा आणि महिन्याभरानं पुन्हा यायचा. गावातले डॉक्टर टायफॉईडच्या गोळ्या द्यायचे. जिल्ह्याच्या ठिकाणी, क्रांती चौकातल्या कार्यालयात आरोग्याची आकडेवारी सांभाळणाऱ्या तनुजाला हे पटत नव्हतं. तिची चुलती साळूबाई त्याच तापानं खंगत चालली होती.

तनुजानं सगळे रुग्ण नकाशावर मांडले. पहिला संशय पाण्यावर होता, म्हणून विहिरी आणि टाक्याही मांडल्या. काही जुळेना. एकाच टाकीवरच्या दोन वस्त्या. एकीत घरोघरी ताप, दुसरीत कुणाला काही नाही. सारी मेहनत पाण्यात गेली.

मग तिनं तापाचा महिनावार आलेख काढला. दिवाळी सरली की रेघ दरवर्षी सरळ वर चढत होती. तिनं लगेच फोन लावला.

"काकू, दिवाळीच्या सुमाराला तुमच्याकडं काय असतं?"

"काय असणार? मेंढ्या व्यायच्या असत्यात. औंदा लई गाभडल्या बघ, दिस भरायच्या आधीच कोकरं पडली. मेलेली कोकरं अन् त्यांची वार-झिल्ली काढून काढून हात भरून जात्यात."

तनुजा खुर्चीतून उठलीच. पशुसंवर्धन खात्याकडून तिनं मेंढ्या गाभडलेल्या वस्त्यांची नावं मिळवली आणि त्याच नकाशावर टाकली. तापाच्या वस्त्या नेमक्या त्याच!

"दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही," तिच्या वरिष्ठ डॉक्टर विशाखा म्हणाल्या.

"म्हणूनच रक्त तपासू या, मॅडम. बायकांचं आणि मेंढ्यांचंही."

विशाखाबाईंनी नकाशा पुन्हा निरखला आणि गाडी मागवली.

अहवाल आला. मेंढ्यांत ब्रुसेला हा गर्भ पाडणारा जंतू, बायकांतही ब्रुसेला; वार काढताना तो उघड्या हातांवाटे अंगात शिरत होता. विशाखाबाईंनी भर कार्यालयात तनुजाची पाठ थोपटली. आजाराला नाव मिळालं तसं औषधही मिळालं. मेंढवाड्यांवर रबरी हातमोजे पोचले, आजारी जनावरं वेगळी बांधली गेली. साळूबाई दीड महिना गोळ्या घेऊन खडखडीत बरी झाली.

पुढची दिवाळी सरली. आलेखाची रेघ आडवी ती आडवीच राहिली. तनुजानं वस्तीकडं धाव घेतली. साळूबाई कोपरापर्यंत हातमोजे चढवून एका मेंढीपाशी बसली होती.

"काकू, औंदा ताप नाय! कुठंच नाय!"

"ते ऱ्हाऊ दे, आधी ते मोजे घाल," साळूबाई ओरडली. "जुळं हाय! हे धर!"

तनुजानं मोजे ओढले आणि वळवळणारं, ओलं कोकरू दोन्ही हातांत झेललं.